घरातल्या रोजच्या कामांचं इंग्रजी: आईसाठी शब्द जमवतेय, मदत हवी आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

गेली नऊ वर्षं मी इंग्लंडात लीड्सला राहते. माहेर कराडचं. आई सध्या सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आली आहे. वय त्रेसष्ट, मराठी माध्यमातून दहावी. तिच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. आपल्याकडे ते पहिलीपासून सुरू झालं २००० साली.

गेल्या मंगळवारी मी वरच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होते. आई ओट्यापाशी पोळ्या लाटत होती आणि माझा चार वर्षांचा मुलगा पुढच्या खोलीत दूध पीत होता. त्याचा कप कलंडला. तो ओरडला, "आजी, आय स्पिल्ट इट!" आईला वाटलं, त्याला काहीतरी हवंय. तिनं हातातलं लाटणं न ठेवताच "येस येस, थांब रे बाळा" म्हटलं. तो पुन्हा ओरडला. ती चमचा घेऊन गेली तोवर दूध टेबलावरून खाली गालिच्यात मुरलं होतं. मी खाली आले तेव्हा ती गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्यानं गालिचा टिपत होती. मला म्हणाली, "गाईवरच्या दहा ओळी मला अजून पाठ आहेत गं. पण सांडलं याला काय म्हणतात, ते कुणी शिकवलंच नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्याच रात्री आम्ही एक वही केली. पहिल्या पानावर सांडणे. आईनं स्वतःच्या अक्षरात देवनागरीत लिहिलं: स्पिल. मग तिनंच विचारलं, मुद्दाम केलं तर? ओतणे, ते पोर. दूध उतू गेलं तर? बॉइल ओव्हर. पिशवीतून थेंब थेंब गळत असेल तर? लीक. एका सांडण्यापासून पानभर शब्द झाले आणि आईला ते सगळे दुसऱ्या दिवशी आठवत होते, कारण प्रत्येकामागे तिनं हातानं केलेलं काम होतं.

मी इंटरनेटवर शोधलं. याद्या भरपूर आहेत, पण सगळ्या वस्तूंच्या. टेबल, खुर्ची, खिडकी, पंखा. हे आईला येतंच. अडतं ते कामांपाशी: विसळणं, पिळणं, वाळत घालणं, आवरणं, निवडणं.

आणखी एक अडचण म्हणजे आपण मराठीत रोज वापरतो ते इंग्रजी शब्द इथे वेगळ्याच गोष्टीचे निघतात. कुकर म्हणजे आपल्याला शिट्ट्या देणारा कुकर. इथे कुकर म्हणजे अख्खी शेगडी, ओव्हनसकट. आपला हॉल म्हणजे बैठकीची खोली, इथे हॉल म्हणजे दारातून आत आल्यावरची बोळवजा जागा. पहिल्या आठवड्यात जावयानं आईला "हॉलमध्ये बूट ठेवलेत" असं सांगितलं आणि ती सोफ्याखाली शोधत राहिली. संध्याकाळी सहाला शेजारच्या बाईंनी "व्हॉट आर यू हॅविंग फॉर टी?" असं विचारलं, तेव्हा आईनं आलं घातलेल्या चहाचं वर्णन केलं. उत्तर इंग्लंडात टी म्हणजे संध्याकाळचं जेवण, हे मला स्वतःलाच इथे आल्यावर वर्षभरानं नीट कळलं होतं.

तर, तुमच्या घरात रोज वापरात असलेले शब्द द्या. यादी नको. कोणत्या कामाला काय म्हणता आणि कुठे गडबड होते, ते लिहा.

---

खडू_फळा

ताई, धागा वाचून फार बरं वाटलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. इंग्रजीच्या तासाला मुलं गप्प बसतात आणि घरचं काम विचारलं की भडाभडा बोलतात, हे मी रोज बघतो. म्हणून मी उलटीकडून सुरुवात करतो. मराठी क्रियापद घ्यायचं आणि त्याचे इंग्रजीत किती तुकडे होतात ते मुलांनाच शोधायला लावायचं.

"लावणे" हे क्रियापद घेऊन बघा. आपण कुकर लावतो: पुट द प्रेशर कुकर ऑन. दार लावतो: शट द डोअर. कडी लावतो: बोल्ट द डोअर. देवापाशी दिवा लावतो: लाइट द लॅम्प. भिंतीवरचा दिवा लावला तर मात्र टर्न द लाइट ऑन. गजर लावतो: सेट द अलार्म. विरजण लावतो, तिथेही सेट चालतं: सेट द कर्ड. केसांना तेल लावतो: ऑइल युवर हेअर. घासलेली भांडी मांडणीत लावतो: पुट द डिशेस अवे. कपड्यांचं मशीन लावतो, त्याला तुमच्याकडे पुट अ वॉश ऑन म्हणतात असं ऐकून आहे. आमच्याकडे एका मुलीनं सांगितलं, "सर, आई मला कामाला लावते." याचं इंग्रजी शोधण्यात अख्खा तास गेला आणि तो माझा सगळ्यात चांगला तास होता.

असंच "काढणे". केर काढतो, रांगोळी काढतो, म्हशीचं दूध काढतो, मुलाची दृष्ट काढतो. स्वीप, ड्रॉ, मिल्क. दृष्टीला इंग्रजीत सरळ क्रियापद नाही. तिथे मी मुलांना सांगतो की जसं करता तसं सांगा: मीठमोहऱ्या ओवाळून टाकतो.

दुसरी गोष्ट मी अनुभवानं शिकलो. इंग्रजीतल्या क्रियापदांची ती शेपटं, अप, अवे, डाउन, आउट, यांना मुलं घाबरतात. पण आपल्याकडे तेच काम दुसरं क्रियापद करतं. ठेव म्हणजे पुट, ठेवून दे म्हणजे पुट अवे. पी म्हणजे ड्रिंक, पिऊन टाक म्हणजे ड्रिंक अप. पूस म्हणजे वाइप, सांडलेलं पुसून घे म्हणजे वाइप इट अप. हे एकदा दाखवलं की मुलांची भीती जाते. "दे", "टाक", "घे" यांची सवय त्यांना आईच्या बोलण्यातूनच झालेली असते. तुमच्या आईंनाही हे असंच सांगून बघा.

---

लोखंडी_तवा

स्वयंपाकघर माझ्याकडे द्या, मी तीस वर्षं तिथेच आहे आणि त्यातली अकरा मस्कतला.

चिरणे चॉप, बारीक पातळ काप करणे स्लाइस, किसणे ग्रेट, सोलणे पील. पण मटार किंवा शेंगा सोलल्या तर शेल. कणीक मळणे नीड. ऐकायला गरज या अर्थाच्या नीडसारखंच येतं, फक्त लिहिताना पुढे के असतो आणि तो बोलायचा नाही. कणकेचा गोळा डो, पोळी लाटणे रोल आउट. चाळणे सिफ्ट, चाळणी सिव्ह. परतणे सोते, तळणे फ्राय, भाजणे रोस्ट, वाफवणे स्टीम, भिजत घालणे सोक. फोडणीला टेम्परिंग म्हणतात, पण तो शब्द पुस्तकातला. शेजारणीला सांगताना मी म्हणते, तेल तापवून त्यात मोहरी तडतडू द्यायची. तिला लगेच कळतं.

पाखडणे याला विनो असा शब्द आहे, पण तो शेतातल्या उफणणीसाठी जास्त. सुपात तांदूळ पाखडणारी बाईच ज्या देशात नाही, तिथे रोजचा शब्द कुठून असणार? निवडणे याचंही तेच. तांदूळ, डाळ निवडणे पिक ओव्हर. मेथी निवडणे म्हणजे पिक द लीव्ह्ज ऑफ. आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द, कारण दोन्ही वेळा बाई खाली मान घालून ताटात बघत असते.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगते. "शिळं" याला स्टेल म्हणू नका. मी पहिल्या वर्षी एका पाहुणीला शिळ्या पोळीचा चिवडा केला आणि प्रेमानं सांगितलं की हा स्टेल चपातीचा आहे. तिनं चमचा खाली ठेवला. आपलं शिळं म्हणजे कालचं, चांगलं, उरलेलं. त्याला लेफ्टओव्हर. स्टेल म्हणजे वातड झालेलं, चव गेलेलं. दूध नासलं तर द मिल्क हॅज कर्डल्ड, वास यायला लागला तर इट्स गॉन ऑफ. भात तळाला लागला तर इट्स स्टक टु द बॉटम आणि करपला तर बर्न्ट.

उष्टं आणि खरकटं याला मात्र शब्द नाहीत. खरकटी भांडी म्हणजे डर्टी डिशेस एवढंच. उष्टं म्हणजे काय ते नातवाला मराठीतच शिकवा.

---

हडसनपार

अमेरिकेतून भर घालते. तिकडे नळ टॅप, इकडे फॉसेट. तिकडे कचरा रबिश, इकडे ट्रॅश किंवा गार्बेज. तिकडे ओट्याला वर्कटॉप, इकडे काउंटर. तिकडे कपडे वाळत घालायचे चिमटे पेग्स, इकडे क्लोद्सपिन्स. ताटं मांडणे तिकडे ले द टेबल, इकडे सेट द टेबल.

सगळ्यात जास्त घोळ "वॉश अप" चा. ब्रिटनमध्ये वॉशिंग अप म्हणजे जेवणानंतरची भांडी. इकडे "गो वॉश अप" म्हणजे हातपाय, तोंड धुऊन या. माझ्या सासूबाई आधी दिराकडे लंडनला राहून मग आमच्याकडे आल्या. लेकीच्या मैत्रिणीची आई जेवायला बसण्याआधी मुलांना म्हणाली, "वॉश अप, किड्स." सासूबाईंना वाईट वाटलं, एवढ्याशा पोरांना भांडी घासायला लावतात म्हणून. त्या उठून स्वतःच सिंकपाशी उभ्या राहिल्या.

आणि "मेक द बेड". आपण अंथरूण घालतो ते रात्री. मेक द बेड म्हणजे सकाळी उठल्यावर चादर नीट करणं, पांघरुणाच्या घड्या घालणं. काम जवळपास तेच, पण वेळ नेमकी उलटी. हे वहीत नक्की लिहा.

---

डोंगरवाट७

राग मानू नका, पण मला उलटं वाटतं. आजीनं कशाला शिकायचं? नातवाला मराठी शिकवा. "सांडलं" हा शब्द त्या मुलाला यायला हवा होता. आजी सहा महिन्यांनी जाणार, आणि जाताना तिच्याकडचे शब्दही घेऊन जाणार.

---

कृष्णाकाठ

डोंगरवाट, राग मुळीच नाही. तुमचं म्हणणं मला लागलं, आणि ते बरोबर आहे. आम्ही दोघं नवरा-बायको घरात मराठीच बोलतो, मुलगा समजतो सगळं, पण उत्तर इंग्रजीत देतो. त्यात चूक आमची आहे, आम्ही त्याला कधी अडवलं नाही.

पण आईला हे शिकायचंय. तिला बागेत जायचंय, दुकानात जायचंय, शेजारणीशी बोलायचंय. कराडात ती सगळ्या गल्लीला हाक मारून बोलणारी बाई. इथे आल्यापासून खिडकीशी बसते, ते मला बघवत नाही.

म्हणून आता वहीला दोन बाजू केल्या आहेत. डावीकडे आईचा मराठी शब्द, उजवीकडे नातवाचा इंग्रजी. एक तिनं द्यायचा, एक त्यानं. काल दात घासताना त्यानं तिला गार्गल आणि रिन्स शिकवलं, तिनं त्याला गुळण्या आणि चूळ शिकवलं. "चूळ भर" म्हटलं की तो आता गाल फुगवून उभा राहतो.

लोखंडी तवा, शिळ्याबद्दल खूप आभार. आईनं ते पान मोठ्यानं वाचून घेतलं.

---

सांजवात

मी लेस्टरला वृद्धांची काळजी घेण्याचं काम करते, म्हणून अंघोळ, कपडे, झोप या भागातलं सांगते.

अंघोळीला इथे तीन गोष्टी आहेत. हॅव अ बाथ म्हणजे टबात बसून. हॅव अ शॉवर ते सगळ्यांना माहीत. आणि हॅव अ वॉश म्हणजे बेसिनपाशी उभं राहून तोंड, मान, काखा धुणं. आपली बादली आणि तांब्या यात कुठेच बसत नाही. माझ्या आजीला अंघोळीला घागरभर कढत पाणी लागायचं, आणि इथल्या ज्या आजी माझ्याकडे आहेत त्यांनाही पाणी कढतच लागतं. तिथे "इज द वॉटर वॉर्म इनफ?" हे वाक्य दिवसातून दहादा येतं. वेणी घालणे प्लॅट, अमेरिकेत ब्रेड. भांग पाडणे पार्ट युवर हेअर. गुंता काढणे गेट द टँगल्स आउट. बटणं लावणे डू अप द बटन्स. बघा, इथेही खडू फळा यांचं लावणे आलंच.

पण शब्दांपेक्षा मला मागण्याची रीत सांगायची आहे. मराठीत मान क्रियापदाच्या टोकाला असतो. दे, द्या, दे ना, देतेस का गं, देता का जरा. इंग्रजीत गिव्हला असं टोक नाही. म्हणून आपण "गिव्ह मी वॉटर" म्हणतो ते ऐकणाऱ्याला हुकूम वाटतो, आपल्या मनात तर प्रेमानं म्हटलेलं "दे गं जरा" असतं. पहिल्या महिन्यात माझ्याबद्दल एकीनं तक्रार केली होती की मी तुसडेपणानं बोलते. मी रात्रभर रडले. मग एका जुन्या सहकारी बाईंनी सांगितलं, सुरुवात कुड यू नं कर आणि शेवटी प्लीज म्हण. कुड यू पास मी द टॉवेल, प्लीज. एवढं केलं आणि माणसं बदलल्यासारखी वागायला लागली. काकूंना वहीच्या पहिल्या पानावर हेच लिहून द्या. शब्द चुकला तरी माणूस समजून घेतो.

---

घमेलं

माझं नावच या धाग्यात शोभतं म्हणून लिहितो. घमेलं हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. बादली, चावी, पगार हेही तसेच. पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये घेतलं, त्यानंतर हे शब्द किनाऱ्यावरून घाट चढून घराघरांत आले, आणि आज कुणाच्याही आजीला ते परके वाटत नाहीत.

उलट बाजूनंही गेलेत. इंग्रजीतला कॉट म्हणजे आपली खाट. पजामाज म्हणजे पायजमा. डंगरीज हा शब्द मुंबईच्या डोंगरीत मिळणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून. शॅम्पू हा हिंदीतल्या चांपणे या क्रियेवरून, म्हणजे अंग चोळणं, चेपणं. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी १८१४ मध्ये ब्रायटनला शॅम्पूचं स्नानगृह काढलं, तेव्हा तिथे मालिशच व्हायचं. केस धुणं हा अर्थ नंतर आला. काकूंना सांगा, नातू ज्या कॉटमध्ये झोपायचा तो शब्द त्यांच्याच अंगणातला आहे.

एक उपयोगाची गोष्ट. घरकामाच्या जुन्या शब्दांचं इंग्रजी आजच्या कोशांत सापडत नाही तेव्हा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारलेली १८५७ ची, आणि इंटरनेटवर फुकट शोधता येते. सारवणे, पाखडणे, विसळणे, खळबळणे असले शब्द त्यात ऐसपैस समजावलेले आहेत. मला तो कोश वाचताना नेहमी वाटतं की कुणीतरी घराघरांत बसून हे ऐकलं असणार.

---

खडू_फळा

घमेलं यांना अनुमोदन. विसळणे आणि खळबळणे दोन्हीला शेवटी रिन्सच म्हणावं लागतं, पण भांडं विसळलं आणि पेला खळबळला यात हात वेगळा फिरतो. मुलांना मी दोन्ही करून दाखवायला सांगतो. खळबळताना पेल्यात पाणी घेऊन गोल हलवतात, म्हणून तिथे स्वर्ल इट राउंड अँड एम्प्टी इट, असं वाक्यच देतो.

---

कृष्णाकाठ

मंडळी, आज मी काही लिहीत नाही. आईला स्वतः लिहायचंय. फोनवर मराठी कळफलक लावून दिला आहे, तिनं तासभर बसून लिहिलंय. एक अक्षर बदललेलं नाही.

*सर्वांना नमस्कार. तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी एवढं लिहिलं, मला फार आनंद झाला. मी रोज रात्री मुलीकडून वाचून घेते.*

*आज इथे चार दिवसांनी ऊन पडलं. मी मशीन लावलं, म्हणजे पुट अ वॉश ऑन. मग मागच्या अंगणात कपडे वाळत घातले, हँग आउट. मी कराडहून माझी गोधडी आणली आहे, ती पण उन्हात घातली. चिमटा हातातून निसटून कुंपणापलीकडे पडला. पलीकडच्या बाई त्यांचे कपडे घालत होत्या. त्या म्हणाल्या, लव्हली ड्राइंग डे. ड्राय म्हणजे वाळणे हे वहीत होतं, म्हणून मला कळलं की आज कपडे छान वाळतील असं म्हणतात. मी म्हणाले, येस, व्हेरी गुड सन. मग म्हणाले, कुड यू पास मी द पेग, प्लीज. त्यांनी लगेच दिला आणि हसल्या.*

*मग गोधडीकडे बोट दाखवून त्यांनी काहीतरी विचारलं, ते सगळं कळलं नाही. पण हात लावून टाके बघत होत्या, म्हणून मी सांगितलं, माय हँड, म्हणजे मी हातानं शिवली. गोधडी हा शब्द त्यांनी दोनदा म्हणून बघितला. ध त्यांना येत नाही. माझ्या जुन्या लुगड्यांची आहे हे मला सांगायचं होतं, पण जमलं नाही. उद्या परत भेटणार आहेत.*

*गुरुजी, एक विचारायचं होतं. गोधडीला आपण धावदोरा घालतो. त्याला इंग्रजीत काय म्हणतात? आणि जुन्या लुगड्यांची आहे हे कसं सांगायचं?*

---

खडू_फळा

काकू, नमस्कार. म्हणा, इट्स मेड फ्रॉम माय ओल्ड सारीज.

आणि धावदोऱ्याला रनिंग स्टिच म्हणतात. रनिंग म्हणजे धावणारा, स्टिच म्हणजे टाका. हा शब्द तुमच्याकडे आणि त्यांच्याकडे एकच आहे.